गोलकीपरची जागा

नेवासा तालुक्याच्या मुलींच्या हॉकी संघात गोलकीपरची एकच जागा उरली होती. पंकजा मॅडमना वैजयंता हवी होती. चाचणीत तिने नऊ फटके अडवले होते. दुसरे प्रशिक्षक कानिफनाथ सर म्हणाले, "पोरगी लई चांगली हाय. पण दिवाळीनंतर आईबापासंगं ऊसतोडीला जाईल. मग गोलात कोन उभं राहील?"

पंकजा थेट वैजयंताच्या घरी गेली. आई म्हणाली, "मागं ठेवायला कोनी न्हाई, म्हनून संगं नेतो."

"माझ्याकडं राहील ती," पंकजा बोलून गेली. आईने लेकीकडे पाहिलं आणि हळूच मान डोलावली.

संध्याकाळी हे ऐकून सरांनी यादी पुढं ओढली. "मग माजं काय अडतंय?" म्हणत त्यांनी स्वतःच वैजयंताचं नाव लिहिलं.