झरोक्यातलं ‘येतो’

मुकुंदराव औरंगाबादेला रुजू झाले. पण तसं काही झालंच नाही असं धरून चालू. ते स्वतःही तसंच धरून चालले होते.

छप्पन साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे पडले आणि हैदराबाद शहरातल्या नारायणगुड्याच्या कचेरीतले मराठी कारकून मुंबई राज्याच्या वाट्याला गेले. मुकुंदराव जन्मले त्याच शहरातल्या नल्लकुंट्याच्या घरात. दुसऱ्या छपराखाली त्यांना झोप लागत नसे. बदलीचा हुकूम आला तरी ते सुपारी कातरत बसले. शेवटी बायकोनं, तारामतीबाईंनी, आवराआवर काढली आणि झरोक्यातलं कबुतराचं घरटं काठीनं पाडलं.

त्या रात्रीपासून मुकुंदरावांना चावायला लागलं. फक्त त्यांनाच. राईहून बारीक राखाडी किडे, रक्त प्याले की तांबडे. सकाळी पाठीवर पुटकुळ्यांची ओळ. सरळ, कोणी पट्टी धरून आखावी तशी.

शेजारचे एकनाथराव वकील, म्हणून त्यांना कुठंच जायचं नव्हतं. त्यांनी पाठ निरखली.

"पक्षी गेला की त्याचे किडे बेवारस होतात, मुकुंदराव. मग जवळच्या माणसाकडे वर्ग होतात."

"मग हिच्याकडे का नाही?"

"वहिनींचं ठरलंय. त्या कधीच गेल्यात. घरात राहिलाय कोण? तुम्ही."

मुकुंदराव खाजवत राहिले, पण आतून त्यांना बरं वाटलं. हैदराबादेत कोणीतरी त्यांना धरून ठेवू बघत होतं.

टांगा आला. सामान चढलं. मोकळ्या खोलीकडे वळून ते सवयीनं म्हणाले, "येतो." निघताना ‘जातो’ कोण म्हणतं?

मग झरोक्यातून, पुष्कळ तोंडांनी एकदम पण अगदी हळू बोलावं तसं आलं, "येतो."

तारामतीबाई उंबऱ्यावरच थांबल्या. "दोनदा का म्हणालात?"

"मी एकदाच म्हणालो. घरानं निरोप दिला." त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"चलो साब, गाडी छूटती," टांगेवाला म्हणाला.

काचीगुड्याच्या स्टेशनापर्यंत कुठंच खाजलं नाही. मुकुंदरावांना त्याचंच वाईट वाटलं.

औरंगाबादची खोली नवी, चुना ओला, कबुतर कधी शिरलेलं नाही. पहिल्याच सकाळी पाठीवर ओळ उठली. नल्लकुंट्यात जिथं संपली होती, तिथून पुढं.

तेव्हा त्यांना उमगलं. तो निरोप नव्हता. किडे खरोखरच ‘येतो’ म्हणाले होते.

आणि वर, नव्या झरोक्यात, कोणीतरी हळूच म्हणालं, "आलो."

मुकुंदरावांनी दौत ओढली आणि सरकारात अर्ज केला:

‘सदर किडे मूळचे नल्लकुंट्याचे असून, कोणत्या राज्यात राहावयाचे हे त्यांना विचारण्यात आलेले नाही. तरी त्यांचे फेरवाटप आंध्र प्रदेशाकडे व्हावे. आणि ते अर्जदाराच्या अंगाखेरीज प्रवास करीत नसल्याने अर्जदारासही त्यांच्यासोबत कायमचे परत पाठवावे, ही नम्र विनंती.’