लेकीची पहिली टाकी

नगराध्यक्ष झाल्यावर पहिल्याच सभेत पिंपवाल्यांनी चहाचा घोट घेतला, गालातल्या गालात खुळखुळवला आणि शेजारच्या कुंडीत थुंकला. सभागृह गार पडलं. विरोधकांना वाटलं, हा आपला निषेध; शिपायाला वाटलं, दूध नासलं. बिचाऱ्या पिंपवाल्यांच्या मनात तसलं काही नव्हतं. सारी हयात वाईनची पारख करताना घोट चाखून थुंकण्यात गेलेली. जित्याची खोड ती, खुर्ची बदलली म्हणून थोडीच जाते?

पिंपवाले हे नाव गावानं ठेवलेलं. धंदा काढला तेव्हा त्यांच्याकडे नुसती जुनी लाकडी पिंपं होती, आत घालायला वाईन नव्हती. पुढे कारखाना उभा राहिला, चार लोकांत नाव झालं. मग वय झाल्यावर माणसानं जरा पाय पसरून बसावं, तर हे निवडणुकीला उभे! कारखान्यासमोरचं तुंबलेलं गटार फावडं घेऊन स्वतः उपसताना लोकांनी त्यांना पाहिलं होतं, त्यावरच निवडून आले. "सुखातला जीव दुःखात घातलात," बायको म्हणाली. कारखाना त्यांनी लेकीच्या हाती दिला.

यंदाची वाईन लेकीची पहिली. बाग तिनं निवडली, तोडणीचा दिवस तिनं ठरवला, बाबांना विचारलंसुद्धा नाही. पिंपवाल्यांना राग आला आणि अभिमानही वाटला. दोन्ही त्यांनी गिळलं.

द्राक्षाचा रस आंबायला लागला की आपोआप तापतो. फार तापला तर आंबवणारं यीस्ट मरतं आणि रस अर्धवट गोडच राहतो, त्याची वाईन होत नाही. त्यांचा कारखाना जुन्या वळणाचा, त्यामुळे टाकीच्या अंगावरून गार पाणी सारखं वाहतं ठेवावं लागे. आणि लेकीची टाकी ऐन भरात असताना गावाला पाणी आणणारी मोठी जलवाहिनी फुटली.

नगरपालिकेत तातडीची सभा बसली. दुरुस्ती होईपर्यंत असलेलं पाणी दवाखान्याला आणि घरांना द्यायचं, कारखान्यांचं बंद, असा ठराव आला. लगेच बेकरीवाले नगरसेवक उठले. "साहेबांचा कारखाना तेवढा वगळा," ते म्हणाले आणि पिंपवाल्यांकडे बघून हसले. "तळं राखील तो पाणी चाखील, साहेब. जगरहाटीच आहे."

वगळायचं की नाही, यावर मतं समसमान पडली. आता निर्णायक मत अध्यक्षांचं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही कोरडी!

"माझाही बंद," पिंपवाले म्हणाले. आपलाच आवाज त्यांना परका वाटला.

कारखान्यात पोचेपर्यंत बातमी त्यांच्या आधी पोचली होती. लेक टाकीला तळहात लावून उभी होती.

"एक फोन तरी करायचात, बाबा."

"फोन केला असता, तुझा आवाज ऐकला असता, तर मत फिरलं असतं."

ती आत गेली. घरातल्या चादरी घेऊन आली आणि घरच्या वाट्याच्या पाण्यात भिजवू लागली. ओल्या चादरी टाकीला गुंडाळायच्या, समोर पंखे लावायचे, सुकल्या की पुन्हा भिजवायच्या. पिंपवालेही बाह्या सरसावून लागले. आंघोळीचं पाणी टाकीला गेलं. अध्यक्षमहाराज पारोसेच सभेला जाऊ लागले. त्यांच्या शेजारच्या खुर्च्या आपोआप रिकाम्या पडू लागल्या. हे सगळं बापलेकीनं जवळजवळ न बोलता केलं, आणि तो अबोला पिंपवाल्यांना टाकीपेक्षा जास्त जाळत होता.

एका दुपारी दारात पाण्याचा टँकर येऊन थांबला.

"बेकरीवाल्या साहेबांनी पाठवलाय," ड्रायव्हर खाली उतरत म्हणाला. "दवाखान्याच्या फेऱ्यांतली एक इकडे वळवलीय. कुठं लावू?"

पिंपवाल्यांनी टाकीवरचा तापमानाचा काटा पाहिला. तो लाल रेघेला टेकला होता. मग लेकीकडे पाहिलं. तिचे डोळे जागरणानं खोल गेले होते, बोटं पाण्यानं सुरकुतली होती. सभेत तत्त्वाला धरून राहणं जमलं होतं, कारण तिथं ती समोर उभी नव्हती. इथं त्यांचा जीव गलबलला. एकच फेरी. 'लाव' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

"दवाखान्याकडेच न्या, काका," लेक मधेच म्हणाली. "पत्ता चुकलाय."

आणि ती चादर पिळायला वळली.

पाणी आलं, पण उशिरा. तोवर टाकीतली खदखद अर्ध्यातच थांबली होती. तरी लेक थांबली, वाट पाहत राहिली, आणि रस निवळल्यावर एका सकाळी तिनं ग्लास बाबांपुढे धरला.

"सांगा," ती म्हणाली.

पिंपवाल्यांनी वास घेतला, घोट घेतला. 'छान झालीय' म्हणावं असं त्यांना मनापासून वाटलं. अध्यक्ष झाल्यापासून गोड बोलायची सवयही चांगलीच लागली होती. बघू, करू, होऊन जाईल. पण समोर पोर उभी होती, आणि तिला चव कळत होती.

"बिघडली, बाळ," ते म्हणाले. "वास सुरेख आहे. द्राक्षं अगदी नेमक्या दिवशी तोडलीस, मी उशीर केला असता. पण वाईन झाली नाही. आणि ती माझ्या मतामुळे बिघडली."

तिचे डोळे भरले. ओढणीनं पुसत म्हणाली, "छान म्हणाला असतात ना, तर तुमचं पुन्हा काहीच खरं वाटलं नसतं."

दोघं पायरीवर बसले. तिनं विचारलं, "बाबा, त्या दिवशी तुम्ही टँकर लावायला सांगणार होतात ना?"

पिंपवाल्यांची मान खाली गेली. "हो."

"माझ्यासाठी सांगणार होतात, मला दिसलं होतं ते," लेक म्हणाली. "म्हणून तर तो परत पाठवता आला मला."