कार्डाच्या जागी प्रिंटर

आमच्या घरात खेळण्यासाठी म्हणून कुठलीही वस्तू कधी विकत घेतली गेलेली नाही. अनिश लहान होता तेव्हा कॅरम आणला, तो एकाग्रता वाढावी म्हणून. दोरीच्या उड्या उंचीसाठी, बुद्धिबळ गणितासाठी, आणि पत्त्यांचा कॅट पाहुणे आले तर असावा म्हणून. गिरगावात नोकरदारांची अशी घरं पुष्कळ आहेत, आमचं त्यातलं जरा जास्तच कडक. त्यामुळे चौसष्टाव्या वर्षी मला गेम खेळायला कॉम्प्युटर हवासा वाटला, तेव्हा तो घरात मागायचा कसा हा मोठाच प्रश्न होता.

हे खूळ परळला लागलं. नम्रताने आणि मी टेलिफोन खात्यात शेजारशेजारच्या टेबलांवर अख्खी नोकरी काढली. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी तिला बघायला गेले, तर ती झोपली होती आणि तिची मुलगी संघमित्रा बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरवर ट्रक चालवत होती. संघमित्रा जुन्या गिरणीच्या आवारातल्या एका ॲनिमेशनच्या ऑफिसात काम करते आणि सुट्टीच्या दिवशी गेम खेळते. उघडपणे, आईसमोर. "काकू, बसताय का?" तिने विचारलं, आणि मी बसले. एका बाजूला डोंगर, एका बाजूला तळं, मागे लाकडाचे ओंडके भरलेला भलामोठा ट्रक आणि तो मी चालवत होते! मला साधी सायकल येत नाही. पहिल्याच वळणावर मी ट्रक तळ्यात घातला. दुसऱ्यांदा नाही घातला. नम्रता काठी टेकत बाहेर आली तेव्हा मी तिला "थांब गं, उतार आहे," म्हणाले आणि तिच्या गुडघ्याची चौकशी करायची राहूनच गेली.

संघमित्राने मला माझ्या बजेटमध्ये बसेल असा कॉम्प्युटर सुट्ट्या भागांतून निवडून दिला. तिचं म्हणणं सरळ होतं. गेमसाठी सगळ्यात जास्त पैसे ग्राफिक्स कार्डावर घालायचे, कारण रस्ता, डोंगर, तळं सगळं तेच भराभर काढून दाखवतं. बाकी सगळं साधं चालेल. "काचेचं कॅबिनेट नको, रंगीत दिवे नकोत, पण काकू, कार्ड सोडू नका," असं तिने मला दोनदा बजावलं.

घरी आल्यावर मी जेवताना विषय काढला. माझी एक मुदत ठेव नुकतीच सुटली होती, माझ्याच पगारातली, माझ्याच नावावरची. "मी एक कॉम्प्युटर घ्यायचं म्हणतेय."

"कशाला?" माझे यजमान चिंतामणी म्हणाले.

"सगळ्यांच्याच उपयोगाला येईल," मी म्हणाले. हे वाक्य कुठून आलं कोण जाणे. आमच्या घरात ते हवेतच असतं, तोंड उघडलं की आत शिरतं.

उपयोग म्हटल्यावर चिंतामणींचे डोळे चमकले. त्यांनी आयुष्यभर एका सरकारी कार्यालयात खरेदी विभाग सांभाळला. टाचणी असो की जीप, तीन कोटेशनं घेतल्याशिवाय त्यांनी सरकारसाठी काही घेतलं नाही आणि निवृत्त झाल्यावर कोथिंबीरही ते तीन ठिकाणी विचारतात. लग्नाआधी त्यांनी मुली किती पाहिल्या होत्या हे मी कधी विचारलेलं नाही, पण माझा अंदाज आहे. संघमित्राने लिहून दिलेला कागद त्यांनी माझ्या हातातून घेतला, वर "मागणीपत्र" असं शीर्षक घातलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून लॅमिंग्टन रोडला निघाले.

लॅमिंग्टन रोड आमच्यापासून चालत जाण्याइतका जवळ, हे त्या दुकानदारांचं दुर्दैव. चिंतामणींना प्रत्येक भागाचा भाव लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह हवा होता. "अंकल, रेट तो शाम तक चेंज हो जाता है," एकाने काकुळतीला येऊन सांगितलं. "म्हणूनच लेखी द्या," हे म्हणाले. आठवडाभरात त्या गल्लीतले लोक यांना लांबून ओळखायला लागले आणि हे दिसले की फोनवर बोलायला लागले.

रविवारी बैठक झाली. बैठक म्हणजे आम्ही चौघं, पोह्यांच्या बशा आणि चिंतामणींचा तुलनात्मक तक्ता. अनिश आणि सूनबाई नूपुर दादरला राहतात, ते यासाठी खास आले. अनिश एका कंपनीत मॅनेजर आहे. त्याच्या हाताखाली कॉम्प्युटरवाली माणसं काम करतात, म्हणून आमच्या घरात त्याला कॉम्प्युटरमधलं कळतं असं मानायची पद्धत आहे.

"पॉवर सप्लाय, साडेपाचशे वॅट," चिंतामणींनी वाचलं. "आपला मिक्सर पाचशेचा आहे. तो खोबरं वाटतो, भिजवलेली डाळ वाटतो. हा काय वाटणार आहे?"

"बाबा, कॅबिनेटबरोबर एखादा फुकट मिळतो," अनिश म्हणाला. फुकट म्हटल्यावर प्रश्नच मिटला.

"पंखे तीन! या घरात माणसांना मिळून दोन आहेत."

एक पंखा ठेवला, दोन कापले. नूपुरने पडद्यांना मॅच होईल म्हणून कॅबिनेट पांढरं सुचवलं. ते एकमताने मंजूर झालं आणि पांढऱ्याची वेगळी कोटेशनं मागवायचं ठरलं. मग आलं ग्राफिक्स कार्ड. तक्त्यातला सगळ्यात मोठा आकडा त्याच्यासमोर होता. चिंतामणींनी चष्मा काढून पुसला.

"हे काय करतं?"

"चित्र दाखवतं," मी म्हणाले.

"चित्र स्क्रीन दाखवतो. स्क्रीन वरच्या ओळीत घेतलाय."

"अहो, स्क्रीनला चित्र हे देतं."

"मग प्रोसेसर काय करतो?"

मी आशेने अनिशकडे पाहिलं. पोटचा मुलगा. "आई," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "प्रोसेसरमध्ये छोटंसं ग्राफिक्स असतंच. वेगळं कार्ड गेम खेळणाऱ्या पोरांना लागतं. तुला काय करायचंय?"

हीच वेळ होती. तिघंही हातातले चमचे थांबवून माझ्याकडे बघत होते. मला ट्रक चालवायचाय, एवढंच बोलायचं होतं. पण नूपुर काय म्हणेल, अनिश ऑफिसात जाऊन काय सांगेल, हे हसतील का, असं सगळं एकदम मनात आलं आणि माझ्या तोंडून निघालं, "बघा, तुम्हाला योग्य वाटेल ते."

कार्ड कापलं. वाचलेल्या पैशांचं काय करायचं यावर मात्र चर्चा छान रंगली, कारण मंजूर रक्कम खर्चावाचून राहिली की सरकारी माणसाला झोप येत नाही. स्कॅनर असलेला प्रिंटर घ्यायचं ठरलं, एक यूपीएस, आणि कीबोर्डसाठी सरकता ट्रे असलेलं टेबल. "बघ, तेवढ्याच पैशात किती वस्तू आल्या," चिंतामणी मला म्हणाले. ते खरोखर खूश होते, माझ्यासाठी खूश होते, आणि तेच मला सहन होईना.

कॉम्प्युटर आला. नूपुरने त्याला हळदकुंकू लावलं, मी गूळखोबरं ठेवलं. दुपारी सगळे पांगल्यावर मी संघमित्राने सांगितलेला तो गेम उतरवून घेतला आणि सुरू केला. ट्रक हलला, थांबला, विचारात पडला, पुन्हा हलला. डोंगराच्या जागी आधी नुसता राखाडी ठोकळा यायचा आणि डोंगर मागाहून. वळण दिसलं तेव्हा मी ते केव्हाच ओलांडून दरीत पोचलेली होते. कॅबिनेट तापलं, आतला एकुलता एक पंखा घरघरायला लागला आणि आतल्या खोलीतून चिंतामणी ओरडले, "ललिता, मिक्सर बंद कर गं, डोळा लागलाय."

मला रडू आलं. चौसष्ट वर्षांच्या बाईला ट्रकसाठी रडू यावं हे माझं मलाच विचित्र वाटलं, पण आलं.

बाकी सगळ्यांना मात्र तो कॉम्प्युटर फार आवडला. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी अप्पा पेनड्राइव्ह घेऊन आले ते पुन्हा गेलेच नाहीत म्हणायला हरकत नाही. पाणी कधी येणार नाही याची नोटीस, जिन्यात चपला ठेवू नका याची नोटीस, मागची नोटीस कोणी फाडली याची नोटीस. मग बिल्डिंगमधली मंडळी आधार कार्डं घेऊन यायला लागली, मुलं हॉलतिकिटं घेऊन. मी दार उघडायची, कागद घालायची, चहा टाकायची. चिंतामणी कागदांची चळत सरळ करत बाजूला बसायचे, पुन्हा नोकरीत रुजू झाल्यासारखे टवटवीत. आणि जाणारा प्रत्येक माणूस चपला घालता घालता मला सांगायचा, "वहिनी, वस्तू फार उपयोगी घेतलीत हो."

शेवटी मी संघमित्राला बोलावलं. तिने पांढऱ्या कॅबिनेटची एक बाजू उघडून आत वाकून पाहिलं.

"काकू, कार्ड कुठेय?"

"कार्डाच्या जागी प्रिंटर आहे."

ती आधी हसली, मग माझा चेहरा बघून थांबली. "पण तुम्ही घरी सांगितलं नाही का, खेळायचंय म्हणून?"

"असं कसं सांगणार?"

"का? माझी आई तर लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगते, पोरगी ट्रक चालवते म्हणून. लोक विचारतात, लायसन काढलं का?"

आम्ही दोघी लॅमिंग्टन रोडला गेलो. फुकटातला पॉवर सप्लाय कार्डाला पुरला नसता, म्हणून तोही नवा घ्यायचा होता. एकाच दुकानात गेलो. दुकानदार भला माणूस होता, पण बोलत होता संघमित्राशी. ती म्हणाली, "मला नाही, काकूंना हवंय." त्याने कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. "अरे वा! आंटी, आप खेलोगी?"

त्याच्या प्रश्नात खोट नव्हती, तरी माझे कान तापले. "नाही नाही, नातू येतो ना सुट्टीत," मी म्हणाले.

कार्ड मिळालं, बिल झालं, आम्ही पिशवी घेऊन बाहेर पडलो. प्रार्थना समाजच्या सिग्नलला उभ्या असताना संघमित्रा म्हणाली, "काकू, तुम्हाला नातू कधी झाला?"

नातू मला नाहीच. अनिश-नूपुरने अजून विचारही केलेला नाही, आणि मी मात्र त्याला जन्माला घालून, सुट्टी देऊन, गिरगावात बोलावून मोकळी झाले होते. इतके दिवस मी मनातल्या मनात चिंतामणींना, अनिशला, त्या प्रिंटरला शिव्या घालत होते. त्या दुकानात यांच्यापैकी कोणीही नव्हतं. मला स्वतःचा इतका राग आला की सिग्नल सुटल्यावरही मी तिथेच उभी राहिले आणि वळणाऱ्या टॅक्सीवाल्याने हॉर्न मारला.

घरी पोचलो तर अप्पा वार्षिक अहवाल छापत बसलेले. चिंतामणींनी पिशवीतली खोकी पाहिली.

"हे काय?"

"ग्राफिक्स कार्ड. आणि मोठा पॉवर सप्लाय."

"कोटेशन?"

"नाही घेतलं. एकाच दुकानात गेले आणि घेतलं."

अप्पांनी हातातलं पान खाली ठेवलं. चिंतामणींनी विचारलं, "पण कशासाठी?"

प्रिंट लवकर निघतात म्हणून, हे उत्तर माझ्या जिभेवर अगदी तयार होतं. ते दिलं असतं तर दोघांनीही मान डोलावली असती, आणि अप्पांनी सोसायटीतर्फे आभारही मानले असते.

"खेळायला," मी म्हणाले.

"कोणाला?"

"मला. मला ट्रक चालवायचाय. मला पहिल्या दिवसापासून तेवढ्यासाठीच कॉम्प्युटर हवा होता. उपयोग बिपयोग काही नको होता."

"मग बोलली का नाहीस?"

"लाज वाटली," मी म्हणाले आणि माझा आवाज चढला. "इतकी वर्षं नोकरी केली, घर केलं, सगळ्यांचं सगळं केलं, आणि माझ्याच पैशांनी, माझ्याच घरात, खेळायचंय असं म्हणायची मला लाज वाटली!"

अप्पा छताकडे बघायला लागले. संघमित्रा स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन उभी होती. चिंतामणींनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

"म्हणजे मागणीपत्रात प्रयोजनच चुकीचं गेलं," ते हळूच म्हणाले. यांची माफी मला ओळखता येते, आणि ती हीच होती.

मग ते उठले आणि त्यांनी स्वतः प्रिंटरचा प्लग काढला. अहवाल निम्म्यातच थांबला. संघमित्राने कॅबिनेट उघडलं, जुना पॉवर सप्लाय काढून नवा बसवला, कार्ड खाचेत दाबून घातलं. तेवढा वेळ चिंतामणी निघालेले स्क्रू तळहातावर घेऊन तिच्या शेजारी उभे होते. तिने मागितला की एकेक पुढे करायचे, आणि केवढ्याला मिळालं हे एकदाही विचारलं नाही.

मी खुर्चीत बसले. डोंगर आला तो अख्खा आला, झाडांसकट. तळ्यात डोंगर दिसत होता. पहिला उतार लागला, मी गियर खाली घेतला आणि ट्रक माझं ऐकत वळणावरून अलगद पुढे गेला. इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसले.

"वहिनी," अप्पा मागून चाचरत म्हणाले, "ती राहिलेली पानं तेवढी..."

"उद्या या, अप्पा," मी रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. "आत्ता मी खेळतेय."