बोहनीची तेजी

मी फळा बोलतोय. शाळेतला नव्हे, दुकानातला. खरं तर चोपड्याच्या एका शाळेसाठीच मला बनवलं होतं. पण सुताराने घाईत ओलं लाकूड वापरलं, मी जरासा वाकलो आणि हेडमास्तरांनी मला दारातूनच परत पाठवलं. जळगावच्या दाणा बाजारात माणकचंदशेठनी मला उलटसुलट करून पाहिलं, बोटाने ठोकून पाहिलं आणि आपल्या डाळीच्या दुकानाबाहेर टांगलं.

शाळा हुकली तरी मी शिकलो. रोज अंगावर जे लिहिलं जायचं तेच वाचत गेलो. आधी तूर, मग उडीद, मग हरभरा. शेठही असेच शिकलेले. चौथीनंतरची सगळी विद्या त्यांनी गोणीत हात घालून मिळवली. त्यांचा एक नियम होता. सकाळी फळ्यावर लिहिलेला भाव दुकान बंद होईपर्यंत पुसायचा नाही. एकदा सकाळी अकराला उडीद एकदम चढला. शेजारचे मिरचीवाले रुपचंद धावत आले, "अहो पुसा, पुसा!" शेठ म्हणाले, "लिहिलं ते लिहिलं. बसा, चहा घ्या." तेव्हापासून लोक इतर दुकानांतला भाव ऐकला की माझ्यासमोर येऊन खात्री करायचे. माझी छाती फुगायची. आज ते आठवलं तरी मान खाली जाते.

शेठचा मुलगा अखिल मोटारसायकलच्या शर्यतींचा वेडा. माझ्या खालच्या अर्ध्या भागावर त्याने हक्क सांगितला. वर डाळी, खाली रेसर. दर सोमवारी दुकान उघडलं की आदल्या दिवशीच्या शर्यतीचा पंचनामा व्हायचा आणि प्रत्येक नावापुढे बाजाराच्या भाषेत शेरा पडायचा : तेजी, मंदी किंवा थांबा. अखिल त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. धुळ्यापर्यंतची पोरं त्याची वाट बघायची.

"तुझा इटलीवाला म्हणजे मागच्या वर्षीची तूर," रुपचंद म्हणायचे. "वरून पॉलिश, आतून किडकी."

"काका, सलग तीन वेळा पहिल्या पाचात आलाय!"

"आला ना. पुढचे दोघे पडले म्हणून आला. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात उधार मिळालं नाही म्हणून माझ्याकडे आलं, तर ते काय माझं नाव?"

हमाल तोताराम गोणी उतरवता उतरवता म्हणायचा, "आरे, तो सीटवर बठस कव्हय? वळनवर तं पुरा लटकी जास! त्याले गाडी कशाले देतस, झोका द्या!"

हसून हसून सगळ्यांना ठसका लागायचा. शेठ गादीवरून ऐकायचे, पण शेवटचा शब्द त्यांचा असायचा. "एका मुठीवरून गोणी ठरवू नका. खालपर्यंत हात घाला."

या यादीत एक नाव आपल्याकडचं होतं. पारोळ्याचा ललित. शेतकऱ्याचा मुलगा, देशपातळीच्या शर्यतीत एका संघाकडून गाडी चालवणारा. दोन वर्षं त्याच्यापुढे तेजीच होती. मग सरावात तो पडला, उजवं मनगट मोडलं आणि आठ सोमवार माझ्यावर 'ललित : थांबा' असं लिहिलेलं राहिलं.

नवव्या सोमवारी अखिलने त्याच्या सरावाचा व्हिडिओ आणला. सगळे मोबाइलवर वाकले.

"बघा काका. पुढचा ब्रेक उशिरा दाबतोय. मनगट वळतच नाही त्याचं."

नेहमी उलट बोलणारे रुपचंदही या वेळी मान डोलावू लागले. मग म्हणाले, "रविवारी कोइम्बतूरच्या शर्यतीत उतरला तर पडेल. यंदा त्याने घरी बसलंच पाहिजे."

शेठनी तो व्हिडिओ दोनदा पाहिला आणि मान हलवली. अखिलने लिहिलं : 'ललित : मंदी'. इतका खरा शेरा माझ्यावर क्वचितच लिहिला गेला असेल.

खडू ठेवतोय तोवर पायरीशी एक बाई आली. डोक्यावर पदर, हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. ती माझ्याकडेच बघत होती. पुढे येऊन तिने एका नावावर बोट ठेवलं.

"हाई मना पोऱ्यानं नाव शे ना? मी शिकेल नही, पन इतलं वळखस."

ती ललितची आई होती, भिकुबाई. ललित जवळच्याच दवाखान्यात नंबर लावून बसला होता. मागच्या खेपेला डॉक्टर म्हणाले होते, हाड जुळलंय, पण जोर यायला वेळ लागेल. शर्यतीचं तुमचं तुम्ही ठरवा.

"पोऱ्या मनं आयकस," ती म्हणाली. "मी नको म्हनसू तं तो नही जावाव. पन माले काय समजस त्यामां? तुमी बठ्ठा जानकार. सांगा भाऊ, काय लिखेल शे? धाडू का नको?"

आता इथे बाजाराची एक रीत सांगितली पाहिजे. दिवसाची पहिली विक्री म्हणजे बोहनी. ती झाल्याशिवाय गिऱ्हाइकासमोर तोंडातून वाईट शब्द काढायचा नाही आणि पहिल्या गिऱ्हाइकाला नाराज करून पायरी उतरू द्यायची नाही. भिकुबाई त्या दिवसाची पहिलीच होती, आणि बोलता बोलता तिने अर्धा किलो मूगडाळही मागितली होती.

शेठ हात जोडून उठले. "या अक्का, बसा. काय लिहिलंय विचारता? तेजी! तेजी लिहिलंय."

तोतारामच्या पाठीवर गोणी होती. ती न उतरवता तो तसाच उभा राहिला.

"खरं?" भिकुबाईचा चेहरा उजळला. "मंग त्याना फोटू धाडा ना पोऱ्याले. तठे बठेल शे, जीव टांगनीले लागेल शे त्याना."

अखिलने बापाकडे पाहिलं. शेठनी डोळ्यांनीच खूण केली. "अक्षर जरा नीट काढतो, अक्का," म्हणत अखिलने फडका फिरवला. जो फळा शेठनी उडदासाठी कधी पुसला नाही, तो त्या सकाळी पुसला गेला. मंदीच्या जागी तेजी आली. फोटो गेला. भिकुबाईने त्या नावाला बोट लावून कपाळाला लावलं. खडूचा पांढरा ठिपका कपाळावर घेऊन ती पायरी उतरली.

ती दिसेनाशी झाल्यावर रुपचंद म्हणाले, "शेठ, हे बरं नाही केलं."

"बोहनीची वेळ होती," शेठ म्हणाले. "आणि आईचं मन. रविवारच्या आत फोन करून सांगू की."

मंगळवार गेला, बुधवार गेला. अखिलने एकदा फोन हातात घेतला. "काय सांगू, पप्पा? की आम्ही खोटं लिहिलं?" आणि ठेवून दिला.

रविवारी दुपारी दुकानाचं अर्धं दार उघडून सगळे मोबाइलसमोर बसले. दुसऱ्याच फेरीत, वळणाआधी ललितचा ब्रेक उशिरा लागला. गाडी एकीकडे, तो दुसरीकडे. मोबाइलवरचा माणूस भराभर इंग्रजीत काहीतरी ओरडत होता. तोतारामने पुढे होऊन मोबाइल पालथा ठेवला.

तीन महिन्यांनी ललित स्वतः आला, आई बरोबर होती. उजव्या हातात धातूच्या पट्ट्या बसवल्या होत्या, तीन बोटं मिटत नव्हती. शेठ गादीवरून उतरून खाली उभे राहिले.

"बेटा, त्या दिवशी फळ्यावर मंदी होती. मीच पुसायला लावली."

"कळलं नंतर," ललित म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "शेठ, आईला मीच पाठवलं होतं. हात तयार नाही हे मला ठाऊक होतं. पण संघाला नाही म्हणायची हिंमत होत नव्हती. घरचे सगळे मला आवडेल तेच बोलणारे, मित्र तर विचारूच नका. वाटलं, दाणा बाजारवाले तोंडावर बोलतात. ते मंदी म्हणाले की आई नको म्हणेल, आणि मी सुटलो. मग तुमचा फोटो आला. मला वाटलं, मीच घाबरट."

"तू काय म्हणशील ते..." शेठनी हात जोडले.

"काही नाही म्हणत. चूक माझी जास्त. हात माझा होता."

भिकुबाई सगळा वेळ माझ्याकडे पाठ करून बसली होती. जाताना तिने डाळ घेतली नाही. शेठनी पुडी पुढे केली तर म्हणाली, "डाळ घर शे, भाऊ."

त्या दिवसापासून माझा खालचा अर्धा भाग कोरा आहे. नवीन गिऱ्हाइकं विचारतात, "शेठ, ते रेसचं बंद का केलं?" शेठ तराजूतले दाणे उगाच सारखे करत राहतात. वरच्या भागावर तूर-उडदाचे भाव आजही अगदी खरे असतात. लोक मला बघून मान डोलावतात, आणि मला वाटतं, कुणीतरी उतरवून मला मागच्या गोदामात ठेवावं.

वाचकहो, एवढंच मागणं आहे. माणसं शंभरदा नुसती गप्पा मारायला येतात, तेव्हा खुशाल हसा, भांडा, कुणालाही तेजी-मंदी द्या. पण त्यात एखादा खरंच विचारायला येतो. त्याचं सगळं तुमच्या एका शब्दावर अडलेलं असतं. त्याला गोड बोलू नका. तो नाराज होऊन पायरी उतरला, तर उतरू द्या. हातपाय धड असले की माणूस उद्या पुन्हा पायरी चढतो.