नऊ ठोकळे आणि लाल काटा

मी काँक्रीटचे ठोकळे फोडणारी एक जुनी मशीन आहे, मित्रांनो, आणि माझा स्वभाव वाईट आहे. कौतुक करायला आला असाल तर आल्या पावली परत जा.

कोल्हापूरकडच्या एका कारखान्यात मी घडले आणि ट्रकमधून बीडजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आले. माझ्या तबकडीवर दोन काटे आहेत. काळा काटा भाराबरोबर चढतो आणि ठोकळा फुटला की खाली येतो. लाल काटा मात्र ठोकळा फुटला त्याच आकड्यावर थांबतो. सुरुवातीला मला हार घातले. पुढं तेल द्यायलाही कुणी फिरकेना. प्रयोगशाळेचा शिपाई आश्रुबा तेवढा फडकं मारायचा.

मला चीड आहे ती विजयसिंह सरांची. घाटनांदूरची मोहिनी त्यांच्या हाताखाली पीएचडी करते. सिमेंटमध्ये उसाच्या चिपाडाची राख मिसळली तरी काँक्रीट तेवढंच मजबूत राहतं का, हे तिला तपासायचं होतं. सरांनी काय करावं? निकालाचा आलेख आधीच काढून ठेवला! अहो, मग मला कशाला राबवता?

अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवलेले राखेचे नऊ ठोकळे मोहिनीनं आणले. सहा झकास टिकले. तीन मात्र फार लवकर फुटले.

"मशीन जुनी हाय," सर म्हणाले. "हे तीन आकडे धरू नको."

माझं अंग तापलं. स्वतःचा अंदाज चुकला की खापर माझ्या डोक्यावर!

"सर, मशीनला कावून बोल लावता?" आश्रुबा म्हणाला. "तपासणीवाले मागच्याच आठवड्यात येऊन गेले की. लई बारकाईनं बघितलं त्यांनी."

मोहिनीनं राख न घातलेले तीन साधे ठोकळे आणले आणि माझ्यात ठेवले. तिन्ही जिथं फुटायला हवे तिथंच फुटले.

"सर, मशीन खोटी असेल तर ते सहा चांगले आकडेही हिनंच दिलेत," ती म्हणाली. "मग तेही खोडते. उद्या हे वाचून कुणी शाळेचा स्लॅब टाकला तर?"

"मग माझी सही विसर," सर म्हणाले आणि दार आपटून गेले.

दुसऱ्या दिवशी माझ्यावर 'नादुरुस्त' असा कागद चिकटला. मोहिनीनं प्रबंधात नऊच्या नऊ आकडे लिहिले. चार वर्षांची मेहनत सरांच्या टेबलावर पडून आहे. सही अजून झालेली नाही. पोरीच्या काळजीनं माझा जीव तुटतो, हे मी कबूल करते.

मित्रांनो, मला तेल देऊ नका, हारही नकोत. माझा आकडा पटला नाही तर पुन्हा ठोकळे ओता, अठ्ठावीस दिवस थांबा आणि मला खोटी ठरवून दाखवा. मी आनंदानं हरेन. तेवढी तयारी नसेल तर हा कागद माझ्यावरून काढा आणि स्वतःच्या कपाळावर चिकटवा.