बियरची रेकॉर्ड

"फडकं दिसतंय का तुला? का खांदा निखळेपर्यंत हलवत बसू?"

मादाम गोडलीव्ह काउंटरमागून ओरडली. येरूनला फडकं दिसत नव्हतं. त्याच्या आणि काउंटरच्या मध्ये धूर होता. तो त्याच्या मॅनेजरच्या, रॉनीच्या, यंत्रातून निघत होता आणि त्याला स्ट्रॉबेरीचा वास होता. निम्म्या युरोपात येरूनने हा वास घशाखाली घातला होता. पूर्वी त्याला स्ट्रॉबेरी आवडायची. आता बायकोने केकवर एक ठेवली तरी तो उठून खिडकी उघडायला जाई.

रविवारची दुपार होती. बेल्जियममधल्या निनोव्हच्या रस्त्यावरचा गोडलीव्हचा हॉल माणसांनी फुटायला आला होता आणि त्यातलं एकही माणूस बियर पीत नव्हतं.

फडक्याची भानगड जुनी. येरून तेव्हा बियर कंपनीच्या ट्रकवर हमाल होता, इथे पिंपं उतरवायला यायचा. एका रविवारी हॉलचा अकॉर्डियनवाला भावाच्या लग्नात पिऊन पडला, म्हणून गोडलीव्हने समोर दिसला त्या हमालाला रेकॉर्डी लावायला बसवलं. बसवलं तेही कोट ठेवायच्या खोलीत. दाराखालच्या फटीतून त्याला नाचणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. त्यांना तो मुळीच दिसत नसे, आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. पाय बघून तो पुढची रेकॉर्ड निवडायचा. हळूहळू लोक लांबून यायला लागले.

"तू माझं वाटोळं करणार," गोडलीव्ह एकदा म्हणाली. "फारच चांगलं वाजवतोस. नाचणारा माणूस पीत नाही रे, पोरा! मी लाल फडकं हलवलं की काहीतरी भिकार लाव."

ती भिकार रेकॉर्ड म्हणजे एका निवृत्त सायकलपटूने आपल्या आईवर म्हटलेलं गाणं. शर्यतीत लागला नसेल एवढा दम त्याला या गाण्यात लागत होता. दुसऱ्या कडव्यात आई आजारी पडायची. तोवर नाचायची जागा ओस पडून काउंटरवर रांग लागलेली असायची. गोडलीव्ह तिला 'बियरची रेकॉर्ड' म्हणे. फडकं, सायकलपटू, बियर, मग पुन्हा नाच. असे दोघांचे संसार चालले होते.

मग येरूनच्या हातून चूक झाली. एक वेगवान जर्मन रेकॉर्ड त्याने चुकून संथ गतीवर लावली. गाणारा तळघरातून बोलावा तसा बोलू लागला. फटीतले पाय थबकले. येरून सुई उचलणार, एवढ्यात ते पुन्हा पडू लागले, जड, एकदम, जणू सगळा हॉल मिळून एकच बूट घालून चालला होता. त्याने सुई उचलली नाही. वर्षभरात त्याला गेंटला बोलावणं आलं, मग अँटवर्पला, मग फ्रांकफुर्टला विमानाने. विमानतळावर त्याला रॉनी भेटला. रॉनी आधी जुन्या गाड्या विकायचा. त्याने येरूनला काळा चष्मा घातला, कोटांच्या खोलीतून काढून उंच मंचावर उभं केलं आणि त्याच्या नावाने रेकॉर्डी काढल्या. त्या स्टुडिओतली दोन पोरं बनवायची. सकाळी तीन व्हायच्या, जेवण करून आणखी एक. येरूनला त्या दुकानात ऐकायला मिळत.

आणि लोकांनी तोंडं फिरवली. म्हणजे त्याच्याकडे फिरवली. पूर्वी ते एकमेकांकडे बघून नाचत; आता सगळे मंचाकडे बघून उभे राहू लागले, चर्चमध्ये मास ऐकायला उभे राहावेत तसे. उंचावरून पाय दिसत नसत, फक्त घामट चेहरे आणि वर केलेले हात. त्या हातांची येरूनला किळस यायला लागली होती. काहीही लावा, ते वरच.

अशात गोडलीव्हचा फोन आला. हॉल बियर कंपनीच्या मालकीचा. खप नसेल तर करार संपवून तिथे सोफ्यांचं दुकान काढायचं कंपनीने ठरवलं होतं. सोमवारी त्यांचा माणूस पिंपं बघायला येणार होता.

"मी पैसे पाठवतो, मादाम."

"पैसे नकोत. माणसं आण. मी बियर विकते, भीक मागत नाही. आणि माझं फडकं विसरला नसशील तर बरं."

माणसं तर आली होती. गोडलीव्हने पेले ओळीने मांडले होते आणि ते तसेच होते. खिशातून कसलीशी गोळी काढून पोरं जिभेवर ठेवत आणि तहान लागली की संडासातल्या नळाला तोंड लावत. रांग होती ती तिथे.

"पाणीच प्यायचं तर म्हशी बऱ्या," गोडलीव्ह म्हणाली. "त्या निदान माझ्या संडासात येत नाहीत."

धुरात अखेर लाल काहीतरी हललं. येरूनने चालू रेकॉर्ड बंद केली आणि सायकलपटू लावला.

हॉल शांत झाला. सायकलपटूने श्वास घेतला, आईला हाक मारली. येरून वाट बघत होता. आता कुणीतरी तोंड वाकडं करील, मागची रांग हलेल, पेल्यांचा आवाज येईल.

हात वर गेले. आरोळी उठली. दुसऱ्या कडव्यात आई आजारी पडली तेव्हा पुढे उभी असलेली एक मुलगी रडायला लागली.

रॉनी मंचाखालून ओरडला, "राजा, काय डोकं आहे तुझं! उद्याच घेऊ हे. खाली जरा ढोल टाकू!"

"रॉनी, हे घाण आहे."

"म्हणून तर!"

येरूनने गोडलीव्हच्या कपाटातल्या जुन्या रेकॉर्डी उपसल्या. घरबसल्या फ्रेंच शिकवणारी एक निघाली. ती लावली. एक सभ्य बाई विचारू लागली, बेकरी कुठे आहे? एक सभ्य गृहस्थ म्हणाला, बेकरी कोपऱ्यावर आहे. तिसऱ्या वेळेला अख्खा हॉल त्या गृहस्थाबरोबर ओरडला, "कोपऱ्यावर आहे!" फ्रेंच बोलायची वेळ आली की ज्यांना पोटदुखी होते असे हे सगळे डच बोलणारे फ्लेमिश लोक.

येरूनच्या तोंडात स्ट्रॉबेरी आली. त्याने सायकलपटूची दुसरी बाजू लावली. ती आजवर कुणी ऐकली नव्हती. बहुधा त्या आईनेसुद्धा. मग चष्मा खिशात घातला आणि धुरातून मागच्या पायऱ्या उतरून तो काउंटरवर गेला.

"बियर द्या, मादाम."

गोडलीव्हने पेला भरला, वरचा फेस सुरीने कापला, पुढे सरकवला. त्याने तो एका दमात रिकामा केला.

"अजून एक."

"एकट्याने पिंप संपायचं नाही, पोरा," ती म्हणाली. रागावून नव्हे. "जा तू. तुझं गाणं संपेल."

"मी फडकं पाहिलं हो."

"माहीत आहे मला. मी ऐकलं की. एवढं वाईट तू आमच्याकडे कधीच वाजवलं नव्हतंस."

येरून मंचाकडे गेला नाही. तो गर्दीत शिरला. कोपराने वाट काढत मधोमध पोचला आणि हात वर करून उभ्या असलेल्या एका दणकट पोराच्या खांद्यावर त्याने थाप मारली.

"ए, गाणं बेकार आहे. जा, बियर पी. तिथे काउंटर आहे."

पोराने मान वळवली नाही. त्याची बुबुळं मोठी झाली होती आणि दात एकमेकांवर घासत होते. समोर मंचावर धुराचा एक गुलाबी ढीग होता, त्यात कुणी नव्हतं.

"ऐकू येतंय का तुला? वाईट आहे रे हे!"

"बाजूला हो ना, बाबा," पोरगा म्हणाला. "येरून दिसत नाहीये."

येरून बाजूला झाला. मग त्याने खाली बघितलं आणि सायकलपटूच्या ठेक्यावर उजवा पाय टाकून पाहिला, मग डावा. पुन्हा उजवा. पाय ठेका धरतच नव्हते. या गाण्यावर नाचणं शक्यच नव्हतं.