लिफ्ट बंद ठेवण्याचं कारण

मी वजनं तपासते. दुकानदारांची, सोनारांची, औषधं बनवणाऱ्यांची वजनं आमच्या प्रयोगशाळेत येतात आणि ती खरोखर तेवढीच आहेत की नाहीत, हे मी माझ्या सहीनिशी सांगते. दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांवर माझा इतका जीव, की ऑफिसात पाठीमागे मला 'दशांशबाई' म्हणतात. हल्ली तोंडावरही म्हणतात.

नैराश्यावरच्या गोळ्या मी बरीच वर्षं घेत होते आणि त्यांनी मला चांगलं उभं केलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "बंद कराव्याशा वाटल्या तर आधी माझ्याकडे या. हळूहळू कमी करू." मी मान डोलावली होती. पण मी पडले रसायनशास्त्र शिकलेली. औषध शरीरात किती वेळाने निम्मं उरतं, त्या निम्म्याचं निम्मं कधी होतं, हे मला तोंडी काढता येतं. थोड्याच दिवसांत सगळं साफ होणार, मग डॉक्टरांना कशाला त्रास? एका सोमवारी गोळ्यांची पट्टी ड्रॉवरमध्ये टाकली आणि मोकळी झाले.

गणित बरोबर निघालं. औषध गेलं. ते गेल्यावर मेंदू इतका थयथयाट करेल, हे गणितात नव्हतं.

नजर डावीकडून उजवीकडे वळवली की डोक्यात ठिणगी उडायची, विजेच्या सैल बटणातून उडते तशी. मी खुर्चीतून उठले की जमीन जरा उशिरा जागेवर यायची. शाम्पूच्या बाटलीवर 'डोळ्यांत जाऊ देऊ नका' असं वाचलं आणि मला हुंदका फुटला. इतक्या आपुलकीने आपल्याशी कोण बोलतं हल्ली?

नवरा म्हणाला, "अगं, डॉक्टरांना फोन कर."

"शरीर आपला समतोल आपोआप साधतं," मी म्हणाले आणि दाराची चौकट घट्ट धरली.

नणंदेचं मत वेगळं होतं. "वहिनी, नैसर्गिकपणे होऊ दे गं सगळं. गवतावर अनवाणी चाल. गरम पाण्यात पाय सोडून बस. लांब श्वास घे. मोबाइल लांब ठेव आणि लवकर झोप."

मी हे सगळं एकाच दिवशी सुरू केलं. शिकाऊ मुलींनी एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर मी त्यांना फाडून खाते. इथे मी सरसकट पाच बदलल्या आणि दुसऱ्या सकाळी, पी हळद नि हो गोरी या न्यायाने, आरशापुढे निकाल बघायला उभी राहिले. चालण्याने झोप थोडी सुधारली, हे खरं. ठिणग्या मात्र अनवाणीही उडतच होत्या.

अशातच एका रुग्णालयाची वजनांची पेटी आली. लहान मुलांसाठी औषधाच्या पुड्या बांधतात, त्या तराजूची वजनं. संध्याकाळपर्यंत ती परत जायला हवी होती, नाहीतर दुसऱ्या दिवशी तिथल्या पुड्या अडणार. दाखला मी देणार होते.

तराजूची खोली म्हणजे आमचा गाभारा. जाड दगडी टेबल, बंद खिडक्या, पंखा नाही, मोठ्याने बोलणं नाही. मी चिमट्याने पहिलं वजन ठेवलं, वाकून पाहिलं आणि टेबल हललं.

"टेबल हलतंय," मी धाकटीला म्हणाले. धाकटी म्हणजे माझी कनिष्ठ सहकारी. दाखल्यावर सही करण्याचा अधिकार तिलाही नुकताच मिळाला होता.

"मला नाही जाणवत, बाई."

"तुला नाही जाणवत. तराजूला जाणवतं ना! लिफ्टचे हादरे असणार. बंद करायला सांग."

लिफ्ट बंद झाली. टेबल हलतच होतं. मी पाण्याचा पंप बंद करायला लावला. मग शेजारच्या विभागाचा एसी. तिथून कोणीतरी विचारून गेलं, की श्वास घेतला तर चालेल का. साहेब चार मजले चढून आले आणि जिन्याच्या तोंडाशी कठडा धरून उभे राहिले. बोलण्याइतकी हवा त्यांच्यात उरली नव्हती, ते माझ्या पथ्यावर पडलं.

"बाई," धाकटी हळूच म्हणाली, "आकडा बघा ना."

पाहिलं. टेबल होडीसारखं डुलत होतं आणि पडद्यावरचा शेवटचा आकडासुद्धा जागचा हलत नव्हता. हे शक्यच नाही. त्या तराजूला दाराबाहेरचं खोकणंही कळतं. म्हणजे खोलीतल्या दोन उपकरणांपैकी एक बिघडलेलं होतं. तराजू मी सकाळीच तपासला होता. दुसऱ्या उपकरणाने चष्मा सारखा केला.

तरीही मोह झाला. आकडा स्थिर आहे ना, मग लिहून घ्यावा आणि सही करावी. कोणाला काय कळणार? मी पुन्हा वाकले. डोक्यात ठिणगी उडाली. आकडा तीन होता की आठ? मी परत पाहिलं. आठ. बहुधा. बहुधा आठ म्हणून मी कोणाच्या तरी लेकराचं औषध मोजायला देणार होते. आणि तसं देणार नाही म्हणावं, तर का ते सांगावं लागणार होतं. माझ्याएवढं रसायनशास्त्र या इमारतीत कोणालाच येत नाही, असा माझा समज होता. तो आता मलाच सगळ्यांसमोर मोडायचा होता.

चिमटा खाली ठेवला.

"हे तू पहिल्यापासून कर. सहीही तूच कर. माझं एक औषध होतं, ते मी डॉक्टरांना न विचारता एकदम बंद केलंय. टेबल नाही हलत. मी हलतेय."

धाकटीने आधी मला खुर्ची दिली. मग म्हणाली, "मग लिफ्ट सुरू करायला सांगू?"

एव्हाना साहेबांना दम परत मिळाला होता. दारातून त्यांनी सगळं ऐकलं होतं. "नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकून होतो," ते म्हणाले. "तुम्ही तर अंगणाची वीजच तोडलीत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "फोन करा डॉक्टरांना. आत्ता. हे होतं ना, ते आपोआप जात नाही कधी कधी."

जिन्यात बसून फोन लावला.

"कशा कमी केल्या गोळ्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"कमी नाही केल्या. बंद केल्या." मग मी औषध निम्मं कसं होतं, निम्म्याचं निम्मं कसं, सगळं त्यांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"झालं?"

"झालं."

"औषध वेळेवरच गेलं तुमचं. मेंदूला मात्र त्याच्याशिवाय राहायला शिकायचंय, त्याला वेळ लागतो. चालणं चालू ठेवा, झोपही सांभाळा, त्याने बरं वाटतं. पण गोळीची जागा त्याने भरत नाही. जीव नकोसा वाटण्याचे विचार येतायत का?"

"नाही. शाम्पूच्या बाटलीवर रडू येतं फक्त."

"असा विचार डोकावला तर मात्र त्याच क्षणी फोन करायचा, बाटलीसाठी नाही केलात तरी चालेल. आज गोळी परत सुरू करू आणि उद्या मला भेटा. नंतर उतरायचं, पण अगदी थोडं थोडं. काही महिने लागतील."

"थोडं म्हणजे किती?"

त्यांनी आकडा सांगितला. एवढीशी मात्रा कमी करायची, मग थांबायचं, बरं वाटतंय का बघायचं आणि मगच पुढची. मी "बरं" म्हणाले. एखादा आकडा, त्यात किती चूक असू शकते हे न विचारता, मी आयुष्यात पहिल्यांदाच मान्य केला होता.

तेवढ्यात लिफ्ट सुरू झाल्याचा आवाज आला, आणि मला राहवलं नाही.

"डॉक्टर, पण या आकड्यात अधिक-उणे किती धरायचं?"